जुन्या लॅपटॉपवर हलके लिनक्स : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे घरात असलेल्या जुन्या लॅपटॉपचे काय करावे, अशी विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत आहेत. पत्रलेखकांपैकी अनेकांना ‘भंगारात द्या आणि नवा घ्या’ असे सांगण्यात आले आहे. मला हा सल्ला मान्य नाही. ज्याचा पडदा, कळफलक आणि प्रोसेसर नीट चालतो, ते यंत्र निकामी झालेले नसते. मात्र ते कशामुळे संथ झाले आहे आणि आपल्याला त्यावर नेमके कोणते काम करायचे आहे, हे आधी पाहिल्याखेरीज कोणते लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक-प्रणाली; तिचे अनेक प्रकार आहेत) बसवावे या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पुढील उत्तरे याच क्रमाने विचार करून दिली आहेत.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१३ साली घेतलेला आहे. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबी हार्ड डिस्क आहे. तो सुरू व्हायला फार वेळ लागतो. ईमेल, बँकेचे व्यवहार, वर्तमानपत्रांचे वाचन, परदेशी असलेल्या मुलीशी बोलणे आणि थोडे मराठी लेखन एवढाच माझा वापर आहे. यावर कोणते लिनक्स बसवावे?
— एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : आपण लिनक्सविषयी विचारले आहे, तरी मी आरंभ हार्ड डिस्कपासून करतो, कारण आपल्या यंत्रात सर्वांत मागे पडलेला भाग तोच आहे. त्या काळच्या लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेत असे, म्हणजे एका फेरीलाच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली तबकडीच्या निरनिराळ्या जागांवरून वाचाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी वाचणारा काटा योग्य जागी पोहोचून खालून ती जागा येईपर्यंत थांबतो. प्रोसेसर तोपर्यंत रिकामा बसलेला असतो. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भाग नसल्याने ही वाट पाहणे जवळजवळ संपते. अडीच इंची साटा एसएसडी आपल्या लॅपटॉपमध्ये जुन्या डिस्कच्या जागीच बसते, हे काम संगणक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात होते आणि आपल्या वापराला २५० जीबीच्या आसपासची क्षमता पुरेशी आहे. काढलेली जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवावी. त्यातील छायाचित्रे व कागदपत्रे जशीच्या तशी राहतात. नवे काही बसवताना जुने पुसले जाईल ही भीतीही उरत नाही, कारण ती डिस्क त्या वेळी यंत्रात नसतेच. दुकानात गेल्यावर रॅमची दुसरी खाच रिकामी आहे का हेही पाहून घ्यावे. असल्यास ४ जीबीची आणखी एक पट्टी टाकावी. मात्र बसवलेल्या पट्टीवरचे लेबल दाखवून त्याच प्रकारची मागावी.

आता लिनक्स. आपल्यासाठी मी लिनक्स मिंट या प्रकाराची एक्सएफसीई आवृत्ती सुचवतो; एक्सएफसीई हा तिचा हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरील मांडणी. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनू ही मांडणी विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही, आणि मिंटच्या निर्मात्यांनी सांगितलेली आवश्यकता २ जीबी रॅमची, तर सोयीच्या वापरासाठी ४ जीबीची आहे. याहून हलके डेस्कटॉप आहेत आणि त्यांचा आग्रह धरणारेही पुष्कळ भेटतात. परंतु एक्सएफसीई व त्याहून हलका डेस्कटॉप यांत वाचणारी रॅम ही काही शे एमबीची बाब असते, आणि जाहिरातींनी भरलेल्या एखाद्या बातमीपत्राचे एकच पान ब्राउझरमध्ये उघडले की तेवढी रॅम सहज खर्च होते. म्हणून ४ जीबीच्या यंत्रावर अतिहलक्या डिस्ट्रोसाठी (लिनक्सच्या प्रकारासाठी) सोयींचा त्याग करू नये. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिनसारखा जाहिरात-रोधक बसवावा आणि न लागणारे टॅब बंद करावेत. त्याने पडणारा फरक कितीतरी मोठा असतो.

बसवण्यापूर्वी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवून, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करून पाहता येतो. रूफस किंवा बलेनाएचर या विंडोजवरील मोफत साधनांनी असा पेन ड्राइव्ह तयार होतो. सुरू होताना एफ१२, एफ९, एफ२ किंवा एस्केप यांपैकी कोणती कळ दाबायची हे उत्पादकागणिक बदलते. या चाचणीत वेग पाहू नये, कारण पेन ड्राइव्ह संथच असतो. त्याऐवजी आवाज, वाय-फाय, कॅमेरा, पडद्याची उजळी कमी-जास्त करणाऱ्या कळा यांची तपासणी करावी आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, तेही पाहावे. या सर्व गोष्टी तेथे चालल्या तर बसवल्यानंतरही चालतात.

मुलीशी बोलण्याविषयी एक सूचना. व्हॉट्सॲपचे लिनक्ससाठी स्वतंत्र अधिकृत सॉफ्टवेअर नाही. संदेश ब्राउझरमधून वाचता व पाठवता येतात, मात्र मोठ्या पडद्यावर समोरासमोर बोलण्यासाठी गूगल मीट ब्राउझरमधून वापरावे किंवा झूमचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर बसवावे.

प्रश्न : मोठ्या भावाचा जुना छोटा नेटबुक माझ्याकडे आला आहे. ॲटम प्रोसेसर आणि १ जीबी रॅम आहे. महाविद्यालयाचा अभ्यास यावर होईल का?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : प्रोसेसर ३२-बिट आहे की ६४-बिट (तो एका वेळी किती मोठी माहिती हाताळतो याचे हे माप), हे प्रथम शोधा. प्रोसेसरचा क्रमांक इंटेलच्या संकेतस्थळावर टाकला की ते कळते. ३२-बिटच असेल तर वाटा आता फार थोड्या उरल्या आहेत : ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर नाही, क्रोम ब्राउझरने लिनक्सवरील ३२-बिट आवृत्ती २०१६ मध्येच थांबवली आणि फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ती देणे बंद केले. अँटिएक्स हे हलके लिनक्स अजून अशा यंत्रांची काळजी घेते. त्यावर टिपणे लिहिणे, पीडीएफ वाचणे, सी किंवा पायथनचे लहान प्रोग्रॅम लिहून चालवणे ही कामे नीट होतील. परंतु महाविद्यालयाचे ऑनलाइन पोर्टल, व्हिडिओ तासिका आणि परीक्षेचे अर्ज यांच्यासाठी या यंत्रावर विसंबू नका, विशेषतः अंतिम मुदतीच्या दिवशी. विद्यार्थ्याच्या बाबतीत खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. शक्य असल्यास ६४-बिट प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असलेला जुना लॅपटॉप शोधावा. अभ्यासाच्या दृष्टीने या दोन यंत्रांत फार मोठे अंतर आहे.

प्रश्न : मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाचे काम करते. लिनक्सवर मराठी टंकलेखन कसे करावे? अक्षरे नीट दिसतील का? माझ्याकडे पूर्वी श्रीलिपीत केलेल्या पुष्कळ फाइली आहेत, त्यांचे काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिनक्सवर मराठीची सोय नाही हा गैरसमज अजून टिकून आहे, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकाची) सवय असेल तर वेगळे काहीही बसवावे लागत नाही. मिंट एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट या भागात ‘सिस्टिमचे मूळ लेआउट वापरा’ हा पर्याय बंद करून, भारतीय भाषांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट जोडावा आणि इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी एखादी कळजोडी निवडावी. इनस्क्रिप्टवर शिफ्टसह J ही कळ दाबल्यास ऱ उमटतो. त्यापुढे हलन्त आणि य टाकला की ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक लेखनात राहतो. मुद्रितशोधकाला हा फरक किती महत्त्वाचा आहे हे आपल्याला सांगावयास नको.

रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही निवेश-प्रणाली आणि तिच्यासोबत एम१७एन हा संच सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवावा. त्यात मराठीसाठी एकाहून अधिक पद्धती आहेत आणि मराठी संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांच्या हाताला बसलेली गमभन पद्धतही त्यांत आहे. आपले काम रोजचे आणि मोठ्या मजकुराचे असल्याने थोडा वेळ देऊन इनस्क्रिप्टच शिकून घ्यावे, असे माझे मत आहे. उच्चारानुसार लिहिताना जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांकडे दोनदा पाहावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये जे दाबले तेच उमटते.

अक्षरांच्या दिसण्याबाबत लिब्रेऑफिसमध्ये दोन गोष्टी आवर्जून कराव्यात, कारण अनेकांची तक्रार येथेच उगम पावते. पहिली अशी की, पर्यायांच्या खिडकीतील भाषा या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून तेथे मराठी ही भाषा निवडावी. लिब्रेऑफिस देवनागरीसाठीचा फॉन्ट आणि रोमनसाठीचा फॉन्ट वेगवेगळे मानते. देवनागरीचा फॉन्ट त्याच्या स्वतंत्र खान्यात ठरवला नाही तर मथळा एका वळणाचा आणि मजकूर दुसऱ्या वळणाचा दिसतो. दुसरी गोष्ट मराठी वळणाच्या ल आणि श यांची. काही युनिकोड फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदवल्यावरच मराठी वळण दिसते. भाषा हिंदी राहिली तर अक्षरे चुकीची नसतात, पण डोळ्यांना खटकतात. पडद्यावर वाचण्यासाठी नोटो सान्स देवनागरी आणि मुक्ता हे दोन्ही फॉन्ट मला चांगले वाटतात. दोन्ही मोफत आहेत.

श्रीलिपीच्या फाइलींसाठी मात्र घाई करू नये. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर प्रत्यक्षात रोमन चिन्हांच्या रूपात साठवलेला असतो आणि फॉन्ट त्याला देवनागरीचे रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल निरर्थक चिन्हांची दिसते. हे लिनक्समुळे होत नाही, नव्या विंडोजवरही तसेच होते. म्हणून विंडोज काढण्यापूर्वीच महत्त्वाच्या फाइलींची दोन रूपे करून ठेवावीत : एक पीडीएफ, ज्यात मूळ छापील रूप टिकते, आणि दुसरे युनिकोडमध्ये रूपांतरित केलेला मजकूर. प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाची चिन्हरचना निराळी असल्याने रूपांतरक निवडताना फॉन्टचे नेमके नाव पाहावे आणि रूपांतरानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धी अक्षरे पीडीएफशी ताडून पाहावीत, कारण गडबड बहुधा तेथेच होते. पुस्तकाची मांडणीही आपण करीत असाल तर स्क्रायबस पाहावे; १.६ या आवृत्तीपासून त्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. इनडिझाइन हे पुस्तक-मांडणीचे सॉफ्टवेअर लिनक्सवर नाही. प्रकाशक त्याच फाइलीचा आग्रह धरत असेल, तर त्या कामापुरते विंडोज ठेवावे लागेल.

प्रश्न : मिंट बसवल्यावर सगळे चपळ झाले, पण यूट्यूब पाहताना लॅपटॉप तापतो, पंखा जोरात फिरतो आणि चित्र अडखळते. प्रोसेसर चौथ्या पिढीचा आय-५ आहे.
— एक गृहिणी, नाशिक

उत्तर : यूट्यूब बहुतेक चित्रफिती व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने आकुंचित करून पाठवते. त्या उलगडण्यासाठी ग्राफिक चिपमध्ये खास विभाग असावा लागतो, आणि इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ साठीची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. आपल्या यंत्रात ती नसल्याने सगळे ओझे मुख्य प्रोसेसरवर पडते. तापणे आणि पंखा फिरणे हे त्याचेच परिणाम आहेत. एच२६४ ही जुनी पद्धत मात्र आपली चिप स्वतः उलगडू शकते. म्हणून फायरफॉक्समध्ये एनहान्स्ड-एच२६४इफाय हे एक्स्टेन्शन बसवावे. ते यूट्यूबकडून एच२६४ मधील चित्रफीत मागवते. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये जाऊन जुन्या इंटेल चिपसाठीचा ‘आय९६५ व्हीए ड्रायव्हर’ (चिपशी संवाद साधणारे सॉफ्टवेअर) बसलेला आहे याची खात्री करावी. चित्रफीत उलगडताना इंटेलच्या चिपचे साहाय्य घेण्याची सोय लिनक्सवरील फायरफॉक्समध्ये ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असते.

आपल्या लॅपटॉपचा पडदा त्या काळच्या बहुसंख्य लॅपटॉपप्रमाणे १३६६ बाय ७६८ चा असेल, तर ७२०पी पेक्षा वरची प्रत निवडून डोळ्यांना काहीच अधिक मिळत नाही. ती कायम ७२०पी वर ठेवावी. एवढे करूनही यंत्र तापत राहिले तर पंख्यात साठलेली धूळ काढून प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. वर्षानुवर्षे वापरलेल्या लॅपटॉपला त्याची गरज असतेच.

प्रश्न : माझे झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचे दुकान आहे. टॅली, जीएसटीची कामे, अंगठ्याचे यंत्र आणि प्रिंटर हे सगळे लिनक्सवर चालेल का? दुकानातला संगणक बदलावा की नाही?
— एक दुकानदार, लातूर

उत्तर : दुकानातला मुख्य संगणक लिनक्सवर नेऊ नये. टॅली प्राइम विंडोजसाठीच आहे. अंगठ्याच्या यंत्राचे आधारशी जोडलेले सॉफ्टवेअर आपल्या यंत्राच्या उत्पादकाने लिनक्ससाठी दिले आहे का, हे त्यालाच विचारावे लागेल, आणि ज्या कामावर गिऱ्हाईक रांगेत उभे असते ते काम प्रयोगावर सोडता येत नाही. तेथे विंडोज ११ चालवू शकणारे एक यंत्र ठेवणे हाच व्यवहार आहे.

दुसरा, जुना संगणक मात्र लिनक्सवर आणता येईल. अर्ज भरणे, कागदपत्रे स्कॅन करून त्यांचा आकार अर्जाच्या मर्यादेत बसवणे आणि पीडीएफ जोडणे ही सर्व कामे त्यावर उत्तम होतात. जीएसटीचे पोर्टल ब्राउझरमध्ये चालते आणि एकल मालकीच्या व्यवसायाचे विवरणपत्र ओटीपीने दाखल करता येते. कंपनी व एलएलपी यांना लागणाऱ्या डिजिटल सहीचे टोकन असेल तर ते काम विंडोजच्या यंत्रावरच करावे. प्रिंटरबाबत मॉडेलनुसार उत्तर बदलते. अलीकडचे बरेच प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतात. दुकानांत सर्वत्र दिसणाऱ्या एचपी लेझरजेट १०२० ची रचना अशी आहे की, तो चालू केल्यावर दर वेळी संगणकाकडून त्याला फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा अंतर्गत प्रोग्रॅम) पाठवावे लागते. एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर आणि त्याचा प्लगइन बसवल्यावर हे आपोआप घडते. कॅननच्या कॅप्ट पद्धतीच्या लेझर प्रिंटरना मात्र वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणे नवख्याला जड जाते. त्यामुळे तो प्रिंटर विंडोजच्या यंत्राला जोडलेला राहू द्यावा.

प्रश्न : लिनक्स बसवले, पण वाय-फायची यादीच दिसत नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, अशी अडचण झाली आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे; लॅपटॉपला लगेच इंटरनेट मिळते. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. त्यानंतर मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर उघडला की, ब्रॉडकॉमच्या चिपसाठी लागणारा ड्रायव्हर तेथे दाखवला जातो. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड विचारला जातो. हा पडदा पाहून घाबरू नये आणि तो घाईने ओलांडूही नये. पासवर्ड दिला नाही तर ड्रायव्हर बसूनही वाय-फाय सुरू होत नाही.

प्रश्न : मी एमएस-सीआयटी केले आहे, त्यापलीकडे संगणकाचे शिक्षण नाही. लिनक्समध्ये काळ्या खिडकीत आज्ञा लिहाव्या लागतात असे ऐकले. ते जमेल का? आणि अँटिव्हायरस कोणता घ्यावा?
— एक अंगणवाडी सेविका, जव्हार

उत्तर : आपल्याला जमेल. फाइली ठेवणे, नाव बदलणे, पत्र लिहिणे, तक्ता करणे, छपाई करणे ही एमएस-सीआयटीत शिकलेली कामे मिंटमध्ये जवळजवळ त्याच रीतीने होतात. लिब्रेऑफिसमधील बटणांच्या जागा थोड्या वेगळ्या आहेत, एवढेच. मराठीतून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व लिब्रेऑफिसचे छोटे पाठ मराठी निवेदनासह मोफत उपलब्ध आहेत. एकेक पाठ पाहून लगेच स्वतः करून पाहावा.

नेहमीच्या वापरासाठी टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडण्याची गरज पडत नाही. सॉफ्टवेअर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्यावे आणि घड्याळाशेजारी अपडेट मॅनेजरची खूण दिसली की अद्ययावतीकरण करून टाकावे. ही शिस्त पाळणाऱ्या घरगुती वापरकर्त्याने वेगळा अँटिव्हायरस विकत घेण्याची आवश्यकता नाही. दोन धोके मात्र कोणत्याही संगणकावर असतात. कोणी फोन करून पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर लिनक्स त्यापासून वाचवू शकत नाही. आणि एखादी अडचण सोडवण्यासाठी कुठेतरी वाचलेली आज्ञा अर्थ समजून न घेता टर्मिनलमध्ये चिकटवू नये, विशेषतः तिच्या आरंभी ‘सुडो’ असेल तर, कारण त्या शब्दाने आज्ञेला संपूर्ण यंत्रावर अधिकार मिळतो. मिंटसोबत येणारे टाइमशिफ्ट हे साधन पहिल्याच दिवशी सुरू करावे. अद्ययावतीकरणानंतर काही बिघडले तर ते यंत्रणा पूर्वस्थितीला नेते. आपल्या स्वतःच्या फाइली त्यात मुळात समाविष्ट नसतात. म्हणून नोंदी, छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची प्रत दर आठवड्याला वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.